मुख म्हणजे तोंड

'नकार असल्यास कारण लिहा' असा एक रकाना त्या संमतीपत्राच्या तळाशी होता. लोक तो सहसा मोकळा सोडतात. नवापूरच्या शाळेतून परत आलेल्या अठ्ठावीस कागदांपैकी अकरा कागदांवर मात्र तो भरलेला होता, आणि त्यातल्या सहा ठिकाणी एकाच गोल, सुबक अक्षरात.

'आमची मुलगी तंबाखू खात नाही.'

'घरात कोणाला व्यसन नाही.'

'मुलीचे दात चांगले आहेत.'

आणि एका कागदावर, 'मी मशेरी लावते, मुलगी लावत नाही. सुई मला द्यावी.'

शिक्षकांच्या खोलीत बाकावर बसून मी हे वाचत होते. शेवटचं वाचून मला हसू आलं. शेजारी आशाताई बसल्या होत्या. त्या गावातल्याच, घरोघर फिरून आरोग्याचं काम करणाऱ्या. कोणाच्या घरी कोण कितव्या महिन्याची आहे हे त्यांना वहीत न बघता सांगता येतं. मी त्यांना तो कागद वाचून दाखवला. त्या हसल्या नाहीत.

"परत वाच."

मी परत वाचला.

"त्या दिवशी पोरींना तू काय सांगितलंस?"

"गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल सांगितलं."

"मुख," आशाताई म्हणाल्या. "मुख म्हंजे काय गो?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

मी पालघरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आम्ही मूळचे लातूरकडचे. वडील बोईसरला तारेच्या कारखान्यात लागले आणि आम्ही उमरोळीला भाड्याच्या खोलीत राहायला आलो. आई बोईसरलाच गोळ्यांची पाकिटं भरायच्या कामावर जाते. दिवसभर तिच्या हाताखालून जाणाऱ्या औषधांची नावं तिला वाचता येत नाहीत. संध्याकाळी एखादं रिकामं पाकीट आणून ती मला विचारते, हे कशावरचं? अशा घरातली मुलगी कॉलेजात गेली की तिला सगळ्यात आधी भुरळ पडते ती मोठ्या शब्दांची. मलाही पडली होती.

कॉलेजच्या समाजसेवेच्या गटात नाव दिलं तेव्हा मला वाटलं होतं की झाडं लावायची असतील. काम निघालं वेगळंच. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या आणि पंधरा न झालेल्या मुलींना सरकारी आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला अटकाव करणारी लस मोफत मिळणार होती. आम्ही शाळांमध्ये जाऊन मुलींना ती समजावून सांगायची, संमतीपत्रं घरी न्यायला द्यायची आणि आठवड्याने गोळा करायची. दोन दिवस एका डॉक्टरबाईंनी आम्हाला शिकवलं. मी सगळं लिहून घेतलं, पाठ केलं. माझ्या वाट्याला नवापूरची शाळा आली.

चित्र मी घरीच काढलं. आधी शरीराची बाहेरची रेघ काढायला घेतली होती, म्हणजे तो अवयव पोटात कुठे असतो ते मुलींना कळेल. कमरेपर्यंत आले आणि थांबले. आमची खोली एकच. पलीकडे वडील जेवत होते. त्यांनी मान वर करून बघितलंही नव्हतं, पण मी खोडरबर घेतलं आणि सगळी रेघ पुसून टाकली. मग कागदाच्या मधोमध नुसता अवयव मोठा काढला. वर दोन्ही बाजूंना वळलेल्या नळ्या, मध्ये त्रिकोणी पिशवी, खाली निमुळता भाग, आणि त्याच्या टोकाला बाण दाखवून लाल अक्षरात 'मुख'.

शाळेत त्या दिवशी मुलग्यांना मैदानावर पाठवलं. वर्गशिक्षिका बाईंनी खिडक्याही लावून घेतल्या. मी चित्र फळ्यावर टांगलं आणि पाठ केलेलं बोलायला लागले. दोन मिनिटं झाली असतील, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ताई, त्याला शिंगं कशाला हायत?"

"कसली शिंगं?"

"बैलाला."

सगळा वर्ग हसला. बाई ओरडल्या, "गप्प बसा गं!" मी वळून चित्राकडे बघितलं. खरंच, बैलाचं डोकं दिसत होतं. वळलेली शिंगं, निमुळतं होत गेलेलं तोंड, आणि बरोबर तोंडाच्या जागी मी लिहिलेलं 'मुख'. मी घाईने म्हणाले, "शिंगं नाहीत, नळ्या आहेत," आणि पुढे गेले. पुढच्या बाकावरची एक मुलगी मान खाली घालून माझा शब्द न् शब्द वहीत उतरवत होती. तिच्याकडे बघून मला धीर आला. तास संपेपर्यंत मी एकदाही अडखळले नाही. बोईसरला परत जाताना शेअर रिक्षात मी स्वतःवर इतकी खूश होते की उतरायचं ठिकाण आलं तरी बसूनच राहिले. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "दीदी, आगे कारखाने में जाना है क्या?"

आणि आता आठवड्याने ते अकरा कागद माझ्यासमोर होते.

आशाताईंनी ते गोल अक्षर ओळखलं. नववीच्या वर्गातून त्यांनी जिला बोलावून आणलं ती पुढच्या बाकावरचीच मुलगी होती.

"हे सगळं तू लिहिलंस?" मी विचारलं.

"हो. आमच्या गल्लीत ज्यांना लिवता येत नाय, त्यांचं मीच लिवते. बँकेचं पण." तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. तो मी ओळखला. आमच्या चाळीत तिच्या वयाची असताना हे काम मी करायचे.

"मुख म्हणजे तुला काय वाटलं?"

"तोंड," ती लगेच म्हणाली. "समानार्थी शब्द हाय. मुख, तोंड, वदन, आनन."

"आणि त्याच्या आधीचा शब्द? गर्भाशय?"

"तो तुमी लय भराभर बोलायचात. आन बोलताना तोंडावर हात ठेवायचात. मला वाटलं, तुमी दाखवताय. आन मागल्या महिन्यात ते तंबाखूवाले सर आलेले, त्यांनी पण हेच सांगितलेलं." तिने खिडकीबाहेर बोट केलं. शाळेच्या फाटकाजवळ त्यांचा फलक अजून होता. त्यावर मुखाचा कर्करोग असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

लाज वाटली की हात तोंडावर जातो, ही माझी लहानपणापासूनची खोड. तासभर मी तो शब्द उच्चारत होते आणि तासभर तोंड झाकत होते. मुलींनी जे दिसलं आणि ऐकू आलं, त्याची बरोबर बेरीज केली होती.

मी तिला खरा अर्थ सांगितला. हळू आवाजात, पण सांगितला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे मी सगळ्या गल्लीला खोटं सांगितलं."

"तू नाही. मी सांगितलं."

"पण लिवलं मी." ती थांबली. मग समोरच्या गठ्ठ्यातून तिने तो मशेरीवाला कागद ओढला. "हा माझ्या आईचा हाय. ताई, सुया शनिवारी ना? मंगळवारी मला पंधरा पूर्ण व्हतात. मंग मला नाय मिळणार ना?"

मी जन्मतारीख बघितली. तिचं बरोबर होतं. तो बुधवार होता. शनिवारी आरोग्य केंद्रावर लसीकरण होतं, तिथलं पुढचं त्यानंतर पंधरा दिवसांनी. शनिवार चुकला तर मोफत लसीचं तिचं वय निघून जाणार होतं, आणि ते एका शब्दामुळे, जो मी नीट उच्चारला नव्हता.

"शनिवारच्या आत आपण सगळ्यांना परत सांगू," मी म्हणाले. "तुझ्या आईलाही."

ती गेल्यावर आशाताईंनी कागदांचे दोन गठ्ठे केले. एक अकराचा, एक सतराचा. सतराचा त्यांनी बाजूला सारला.

"ह्या अकरांना सांगू. ज्यांनी होय लिवलंय त्यांना कशाला उठवतेस? सई झाली, सुई होऊ दे. फायदा त्यांच्याच पोरींचा हाय."

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. त्या सतरा जणींनीही तोंडाच्या कर्करोगाची समजूनच होय म्हटलं असणार. खरा शब्द ऐकला तर त्यातल्या काही नाही म्हणतील. चूक माझी, आणि ती सुधारताना नुकसान एखाद्या पोरीचं होणार. मी तो गठ्ठा उचलला, परत ठेवला.

"सगळ्यांना सांगावं लागेल," मी शेवटी म्हणाले. माझा आवाज फार ठाम नव्हता.

"मग तूच सांग," आशाताई म्हणाल्या. "उद्या दुपारी. बाया बाजारातून आल्या की समाजमंदिराच्या ओट्यावर बसतात. मी गोळा करते. पण परत ते पुस्तकातलं नको."

त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी शेजारी बसून भाजी निवडत होते आणि मनात वाक्य जुळवत होते. वडील दुसऱ्या पाळीला गेलेले. मी विचारलं, "आई, गर्भाशयाच्या मुखाला तू काय म्हणशील?"

"कशाच्या?"

"बाळ वाढतं ती जागा. तिचं खालचं टोक."

"पिशवीचं तोंड म्हण की सरळ," आई म्हणाली. थापलेली भाकरी तव्यावर टाकली. "मुख कशाला? मुख देवाचं असतं."

मी हसले. आई हसली नाही. भाकरीवर पाण्याचा हात फिरवत ती म्हणाली, "माझी पिशवी काढली तेव्हा पण असंच काहीतरी मोठं लिहिलं होतं कागदावर. मी सही केली. मला सहीच तेवढी येत होती ना, मला वाटलं, अंगठा नाही दिला, चांगलं झालं. पिशवी काढली हे मला घरी आल्यावर तुझ्या मावशीनं सांगितलं."

मी तेव्हा सहावीत होते. आईला पोटाचं ऑपरेशन झालं, एवढंच मला माहीत होतं. आजवर मी कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. तिने ती भाजलेली भाकरी टोपलीत टाकली आणि पुढचा गोळा घेतला. मी मात्र सतरा जणींचा गठ्ठा आठवत बसले. त्यांना सांगायचं की नाही, हा प्रश्न आता राहिला नव्हता.

जेवण झाल्यावर मी जुनंच चित्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवीन काढलं. या वेळी आधी शरीर. खांदे, कंबर, मांड्या. मग आत पिशवी, शरीराच्या मानाने खरी असते तेवढीच लहान. आई मागून बघत होती. "आता माणूस दिसतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवापूरला ऊन कडक होतं. समुद्राच्या बाजूला बांबूच्या आडव्या दांड्यांच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. समाजमंदिराच्या ओट्यावर पंचवीस-तीस बायका बसल्या होत्या; कोणी रिकाम्या टोपल्या शेजारी ठेवून, कोणी पाय पसरून. ती मुलगीही शाळा सुटल्यावर थेट तिथे आली होती. तिची आई खांबाला टेकून बसली होती. उंच, हाडाची, कमरेला डबी खोचलेली. ती डबी मशेरीचीच असणार.

"कोण ही? मास्तरीण?" कोणीतरी विचारलं.

"कॉलेजातली हाय, उमरोळीची," आशाताई म्हणाल्या.

"बोलणं तर घाटावरचं वाटतं."

"मूळची लातूरकडची आहे," मी म्हणाले.

"मंग बोंबील खातेस का नाय?"

"खाते."

"मंग बोल."

आशाताई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "हात कामात ठेव." चित्र टांगायला जागा होती, पण मी टांगलं नाही. दोन्ही हातांनी दोन्ही टोकं धरून छातीसमोर उभं धरलं, म्हणजे हाताला तोंडाकडे जायला सवडच नको.

"मागच्या आठवड्यात शाळेत मी जे सांगितलं, ते तुमच्यापर्यंत चुकीचं पोचलं," मी सुरुवात केली. "चूक मुलींची नाही. ज्यांनी फॉर्म लिहिले त्यांचीही नाही. मी नीट बोलले नाही. ही सुई तोंडाच्या कॅन्सरची नाही. तंबाखूशी, मशेरीशी तिचा संबंध नाही. ही सुई बाईच्या पिशवीच्या तोंडाला होणाऱ्या कॅन्सरपासून वाचवण्यासाठी आहे."

मग कोपऱ्यातून एक आवाज आला, "अगो बाय! आन मी पोरीचे दात मोजून होय लिवलं!"

हशा उठला. त्या हशाने मला उभं राहायला जमीन मिळाली. मी चित्रावर हनुवटीनेच खूण केली. ही पिशवी. मूल हिच्यात वाढतं. हे तिचं तोंड. पाळी इथून येते, मूल इथूनच बाहेर येतं.

"आमच्या डोलीसारखं," मुलीची आई म्हणाली. माझ्या चेहऱ्यावरून तिने ओळखलं असावं की मला कळलं नाही. "डोल म्हंजे आमचं मोठं जाळं गो. म्होरं तोंड, मागं पिशवी."

मला फार आनंद झाला. "हो, अगदी तसंच! आणि जाळं पाण्यात टाकायच्या आधीच जसं आपण ते नीट..."

"जाळ्याचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जाळं फाटलं तर दुसरं आणतो. पोरीचं सांग."

मग मी पोरीचंच सांगितलं. हा आजार एका विषाणूमुळे होतो. तो विषाणू नवराबायकोच्या, बाईपुरुषाच्या संबंधातून येतो, आणि बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातोही. काहींच्या अंगात मात्र तो वर्षानुवर्षं राहतो आणि पिशवीच्या तोंडाशी हळूहळू बिघाड करतो. बाईला काही दुखत नाही, कळत नाही. कळतं तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. सुई त्या विषाणूची ओळख व्हायच्या आधी दिली तर सगळ्यात चांगलं काम करते, म्हणून लहानपणी द्यायची.

'संबंध' हा शब्द मी म्हटला तेव्हा दोन-तीन पदर तोंडावर गेले. माझे हात चित्रावरच होते.

"तुजं लगीन झालंय?" एका म्हातारीने विचारलं.

"नाही."

"मंग तुला गो कसं ठाव एवढं?"

पुन्हा हशा. एरवी मी तिथेच संपले असते. पण त्या दिवशी उत्तर आलं. "मावशी, मोबाईलवर वादळाचा इशारा येतो तेव्हा तुमचे मालक बोटी मागे आणतात ना? तो इशारा लिहिणारा माणूस कधी बोटीवर गेलेला असतो का?"

म्हातारी शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "जीभ हाय हिला."

त्यानंतर प्रश्न यायला लागले. ताप येईल का? एखादा दिवस येऊ शकतो, दंड दुखतो, कोणाला चक्कर येते म्हणून अर्धा तास तिथेच बसवतात. पाळीत घेतली तर चालते का? चालते. घेतली की कॅन्सर कधीच होणार नाही का? धोका खूप कमी होतो, पण पुढे तिशीनंतर तपासणी करायचीच. ती तर तुम्हालाही आहे, त्याच केंद्रात, मी म्हणाले. यावर दोघी-तिघींनी नुसता पदर सावरला.

आता मुलीची आई म्हणाली, "लोक काय म्हणतील? हिच्या पोरीला आत्ताच कशाला लागते असली सुई?"

"लहानपणी तिला गोवराची सुई दिलीत, तेव्हा तिला गोवर आला होता म्हणून दिलीत का?"

"नाय."

"मग ही पण तशीच. हिने काही केलं म्हणून नाही. चौदा वर्षांच्या सगळ्याच मुलींसाठी आहे."

मग खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं तिने विचारलं, "पोर हुईल ना तिला पुढं?"

मला वाटतं, त्या ओट्यावरच्या बऱ्याच जणींच्या मनात हाच एक प्रश्न होता आणि बाकीचे सगळे त्याच्या आजूबाजूने फिरत होते. या एका उत्तरात मी अडखळले असते तर सगळंच फुकट गेलं असतं. मी चित्र खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "होईल, मावशी. या सुईचा मूल होण्याशी काही संबंध नाही. मी हे नीट विचारून, वाचून आले आहे. शनिवारी सिस्टरना आधी विचारा, मग सही करा."

"ह्यांना इचाराया पायजे," ती उठत म्हणाली. "बोटीवर हायत. सोमवारी येतील."

मुलीने माझ्याकडे बघितलं. शनिवार आणि सोमवार यांचा हिशोब आम्हा दोघींनाच कळत होता असं मला वाटलं. मी तिच्या आईला काही म्हणायच्या आत ती टोपली उचलून निघाली. मुलगी तिच्या मागे गेली. त्या दिवशी अकरातल्या सहा जणींनी नकार मागे घेतला. सतरातल्या दोघींनी मात्र मला गाठून सांगितलं, आमचा कागद परत दे, असलं असेल तर नको. मी त्यांना पुन्हा एकदा समजावलं आणि मग दिला.

"मी म्हटलं व्हतं तुला," आशाताई म्हणाल्या. रिक्षाथांब्यापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या. रिक्षा सुटताना आत वाकून म्हणाल्या, "पण तोंडावर हात नाय गेला आज."

शुक्रवारी कॉलेजात माझं लक्ष नव्हतं. परवापर्यंत मला वाटायचं की शुद्ध शब्द वापरला म्हणजे मी शिकले. आता दुसरंच दिसत होतं. गर्भाशयमुख हा शब्द मी निवडला होता कारण तो म्हटला तरी काही म्हटल्यासारखं वाटत नव्हतं. तो माझा पदर होता. डॉक्टरबाईंना तो शोभतो, त्या त्याच्या मागे लपत नाहीत. मी लपले होते.

शनिवारी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात मला टेबल दिलं होतं. मुलीचा कागद बघायचा, जन्मतारीख तपासायची, आत सिस्टरकडे पाठवायचं. सकाळपासून मुली येत होत्या, कोणी आईबरोबर, कोणी आत्याबरोबर, कोणी मैत्रिणीचा हात घट्ट धरून. बैलाची शिंगं विचारणारी मुलगी सुई टोचायच्या आधीच रडली आणि टोचल्यावर म्हणाली, "झालं?" ज्या दोघींनी कागद परत नेले होते त्या आल्या नाहीत. मी प्रत्येक वेळी फाटकाकडे बघत होते. बारा वाजले. सिस्टरनी आतून विचारलं, "अजून कोणी आहे का गं?"

"एक आहे," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं की आहे का.

साडेबाराच्या सुमाराला फाटकातूनच आवाज आला. त्या आवाजाला बाजारात दहा बायकांच्या वर चढायची सवय होती.

"पिशवीच्या तोंडाची सुई हितंच ना गो?"

व्हरांड्यात बाह्यरुग्णांची रांग होती. बोटाला पट्टी बांधलेला एक कामगार, खोकणारे एक आजोबा, दोन पुरुष आणखी. सगळ्यांनी माना वळवल्या. माझा उजवा हात टेबलावरून उचलला गेला आणि अर्ध्या वाटेवर मला दिसला. मी तो परत कागदांवर ठेवला.

"हो, मावशी," मी तितक्याच मोठ्याने म्हणाले. "इथंच."

ती आली. मागे मुलगी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. मी विचारलं, "काकांना विचारलंत? ते तर सोमवारी येणार होते."

"पिशवी काय ह्यांची हाय?" ती म्हणाली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

मी कोरा कागद दिला. मुलीने पेन काढलं, पण आई म्हणाली, "आधी वाच. सगळं वाच." मुलीने पहिल्या ओळीपासून वाचलं. गर्भाशयमुख आलं तिथे ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हंजे पिशवीचं तोंड," आणि पुढे गेली. आईने मध्ये दोनदा थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मग आत जाऊन सिस्टरना तिने काय विचारायचं ते विचारलं. मला ते ऐकू आलं नाही. बाहेर येऊन तिने सही केली. तीन अक्षरांची सही करायला तिला बराच वेळ लागला आणि आम्ही कोणी घाई केली नाही.

सुई टोचली तेव्हा मुलगी माझ्याकडे बघत होती. नंतर अर्धा तास ती बाकावर बसली, दंडावर कापूस दाबून. आई तिच्याशेजारी न बसता माझ्या टेबलाशी उभी राहिली. कमरेची डबी काढली, हातात फिरवली, परत खोचली.

"ती दुसरी," ती म्हणाली. "मोठ्या बायांची तपासणी. ती कवा असते?"

"बुधवारी."

"दुखतं?"

"थोडं अवघडल्यासारखं होतं म्हणतात. पाच मिनिटांचं काम असतं."

तिने आतल्या दाराकडे बघितलं.

"माझं नाव लिव," ती म्हणाली. मी वही ओढली तशी तिने माझ्या हातावर हात ठेवला. "आन त्यात कारण-बिरण लिवायचं नाय ना?"

"नाही, मावशी," मी म्हणाले. "त्यात तसला रकानाच नाही."